एका ओळीतले ठिपके

योगिनी आमच्या सातपूरच्या कारखान्यात आली त्या दिवसापासून ती माझ्या डोळ्यांत खुपते, हे आधीच सांगून टाकतो. माझं नाव समाधान, पण ते नावापुरतंच.

अकरा वर्षं मालाच्या तपासणीचे रिपोर्ट मीच टाइप करत होतो. टेबलात मापं भरायची आणि स्पेसबार दाबदाबून आकडे एकाखाली एक आणायचे. मग वणीहून ही पोरगी आली. रोज एसटीने यायची, डबा खाऊन गुपचूप कामाला लागायची. तिच्या टेबलात नावं डावीकडे, आकडे उजवीकडे आणि दशांशाचे ठिपके वरपासून खालपर्यंत एका ओळीत! यादवसाहेबांनी तो कागद सगळ्यांना दाखवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सोमवारी पुण्याची पार्टी येणार होती. साहेबांनी दोघांना एकेक रिपोर्ट करायला सांगितला. ज्याचा चांगला, त्याच्याकडे हे काम. दुसरा पॅकिंगला.

शनिवारी ती जेवायला गेल्यावर मी चोरून तिची फाइल उघडली आणि लपलेल्या खुणा दाखवणारं बटण दाबलं. आकड्यांआधी एकही स्पेस नाही! फक्त वरच्या रुलरवर दशांशाची एवढीशी खूण, तिच्याखाली सगळे आकडे आपोआप रांगेत. माझ्या फाइलमध्ये तेच बटण दाबलं, तर ज्वारी सांडल्यासारखे स्पेसचे ठिपकेच ठिपके. तिला विचारलं असतं तर तिने दोन मिनिटांत शिकवलं असतं. पण विचारतो कोण?

सोमवारी माझी बस चुकली. पोचलो तोवर साहेबांच्या हातात माझा रिपोर्ट होता. "शिकलास की रे!" ते म्हणाले. बघतो तर माझे सगळे ठिपके एका ओळीत. खाली 'तयार करणार : समाधान'.

प्रिंटर योगिनीच्या कॉम्प्युटरला जोडलेला. ती हळूच म्हणाली, "दादा, तुमची फाइल इथं उघडली आन् समदं सरकलं. म्हणून नीट लावलं. आकड्यांना हात नाय लावला."

"दोन्ही सारखेच आहेत," साहेब म्हणाले. "मग जुना माणूसच राहू दे."

मी साहेबांच्या हातातून रिपोर्ट घेतला आणि फाइलला लावला. योगिनी पॅकिंगला गेली.

परवा तिकडे गेलो होतो. शंभरेक खोकी रचलेली, प्रत्येकावरचं लेबल अगदी त्याच जागी, तसूभरही इकडेतिकडे नाही. तिचंच काम. आणि खरं सांगतो, माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.