क्लच कोण दाबणार?

फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली आडवा होतो. प्रज्ञा मॅडमचे धाकटे भाऊ, मिलिंदराव बोलत होते. "सावंत, ताई गेली... पहाटे." चार दिवसांचा ताप, छातीत कफ भरला आणि संपलं. मी बाहेर आलो, हात पुसले आणि गॅरेज बंद केलं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. या काळात प्रज्ञा कांबळे यांच्याबद्दल इतकं गोड गोड ऐकलं, की न राहवून लिहायला बसलोय. नाहूरला माझं गॅरेज आहे, गिअरबॉक्स हे माझं काम. आमची ओळख एका गिअरबॉक्समुळे झाली, आणि ती वादावादीनेच सुरू झाली.

सात-आठ वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी त्यांची जुनी ऑटोमॅटिक गाडी कशीबशी माझ्या दारात पोचली. इंजिनाची रेस वाढत होती, पण चाकांना जोर मिळत नव्हता. रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच व्हायचं नाही, मग एकदम धक्का. मी तेल तपासलं तर काळंकुट्ट, जळका वास. एका मोठ्या वर्कशॉपने त्यांना आधीच सांगितलं होतं की या मॉडेलचा गिअरबॉक्स आता मिळत नाही, गाडी काढून टाका. मी तोवर शेकड्याने गिअरबॉक्स उघडले होते, पण सगळे हाताने गिअर टाकायचे. ऑटोमॅटिक एकही नाही. तरी गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. खिडकीत वाकून म्हटलं, "मॅडम, झकास उपाय आहे. हा काढून टाकू, साधा गिअरबॉक्स बसवू. क्लच, गिअर, सगळं. कटकटच संपली."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "आणि क्लच कोण दाबणार? तुम्ही येणार रोज माझ्याबरोबर चेंबूरला?"

मला कळेना. मग त्यांनी दार उघडलं आणि डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. लहानपणीचा पोलिओ. उजवा पाय ठणठणीत, त्यामुळे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर त्यांच्या हुकमात, पण क्लचची गाडी त्यांना चालवता येणारच नव्हती. मी सॉरी म्हटलं. "सॉरी नको," त्या म्हणाल्या, "हा उघडता येतो का ते सांगा." मी खरं ते सांगून टाकलं, की असा कधी उघडलेला नाही. "मग आता उघडा."

त्या चेंबूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या, राहायच्या मुलुंडला. गाडी माझ्याकडे अडकली तेव्हापासून रोज रिक्षा. यांना बसायला वेळ लागणार हे दिसलं की रिक्षावाले पुढे निघून जायचे. एका रविवारी मिलिंदराव नाशिकहून आले, बहिणीबरोबर गॅरेजमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, सोड ना ही गाडी. नवीन घे, नाहीतर ड्रायव्हर ठेव. आता या वयात कशाला हट्ट?" मॅडम म्हणाल्या, "चार शोरूम फिरले तुझ्याबरोबर. नव्या गाड्या उंच, पाय आत घेताना कॅलिपर दाराला अडतो. आणि विकणारा माझ्याकडे बघत नाही, तुझ्याशीच बोलतो. ड्रायव्हर ठेवला की त्याची वाट बघत बसायची. रिक्षावाल्यांची बघते तेवढी पुरे आहे." मिलिंदराव जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्हीच सांगा तिला, होत नाही म्हणून." मी सांगितलं नाही. खरं तर सांगणार होतो... हिंमत झाली नाही.

गिअरबॉक्स उतरवला, उघडला. आतले रबरी सील वयाने कडक झाले होते, त्यामुळे तेलाचा दाब टिकत नव्हता, आणि दाब नसल्याने आतल्या प्लेटा घसरून घसरून जळल्या होत्या. आणि क्लचशिवाय इंजिनाचा जोर पुढे कसा जातो, हे मला मॅडमनीच नीट समजावलं, चहा पिताना, समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांचं उदाहरण देऊन. एक फिरवला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो; इथे वाऱ्याच्या जागी तेल. सील आणि प्लेटा एका व्यापाऱ्याने बाहेरून मागवून दिल्या, त्यात पाच आठवडे गेले. मग सगळं जोडलं, गाडी सुरू केली, आणि रिव्हर्स पडलाच नाही. आधी निदान उशिरा पडायचा, आता तोही गेला.

त्या दिवशी मी मनाने हरलो होतो. म्हटलं, "मॅडम, माझी वाट लागली. हात टेकले मी."

त्या उठून माझ्याजवळ आल्या. चालताना त्या डाव्या मांडीवर तळवा दाबून पाऊल टाकायच्या, तशाच. "मी हात टेकूनच चालते, सावंत. चालते ना? उघडा परत."

परत उघडला. या वेळी त्या शेजारी बसून एकेक थर तपासत होत्या. तेलाच्या वाटा कोरलेल्या एका ॲल्युमिनियमच्या तुकड्यात हरभऱ्याएवढ्या पोलादी गोळ्या असतात. त्यातली एक मी चुकीच्या खाचेत बसवली होती. एवढीच चूक. ती जागेवर बसवून सगळं परत जोडलं. त्या ओरडल्या नाहीत, शाबासही म्हणाल्या नाहीत. गाडी मागे घेतली, पुढे घेतली, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेल्या. त्यानंतर शेवटच्या आजारापर्यंत ती गाडी त्यांनी रोज चालवली. आणि बोरिवली-अंधेरीपासूनचे ऑटोमॅटिकवाले मला शोधत येऊ लागले.

त्या गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एकामागून एक माणूस उठून सांगत होता, त्यांनी अपंगत्वावर मात केली, त्या प्रेरणा होत्या. मला राहवलं नाही. उठून म्हणालो, "त्यांनी कशावर मात केली मला माहीत नाही. त्यांना वेळेवर कॉलेजला जायचं होतं, आणि आपण सगळे त्यांना घरी बसा म्हणत होतो. मीसुद्धा." बोललो त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

मला वाटलं मिलिंदराव रागावले असतील. पण परवा ते मॅडमची गाडी घेऊन गॅरेजवर आले, म्हणजे शेजाऱ्याला चालवायला लावून आले. म्हणाले, "भंगारवाला येऊन गेला. नाही दिली. नाशिकला नेईन म्हणतो... पण मला ही चालवता येत नाही, सावंत. शिकवाल?" मी शेजारच्या सीटवर बसलो. त्यांचा डावा पाय सवयीने क्लच शोधायचा, ब्रेकवरच आदळायचा, आणि आम्ही दोघं काचेकडे फेकले जायचो. तीनदा तसंच झालं. शेवटी म्हटलं, "मिलिंदराव, तो पाय मागे घ्या. त्याचं इथे काही काम नाही."

त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मग डावा पाय सीटखाली ओढून घेतला आणि उजव्याने ब्रेक सोडला. नाहूरचा पूल ओलांडून मुलुंडला पोचेपर्यंत त्यांनी तो हलवला नाही.