हिरव्या दिव्याची साक्ष

४ ऑक्टोबर २०२४ रोजी रामाकोन्याच्या पुष्पा ढोके यांनी फायबरच्या डब्याचे सहाशे चाळीस रुपये रोख दिले. सौसरहून खांबांवरून आलेली इंटरनेटची फायबर या डब्यात शिरते आणि तिथून साध्या तारेनं कॉम्प्युटरला लाइन मिळते. डबा बसवणाऱ्या कंपनीच्या वीरेंद्रनं एका हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं. हा जळत असला की लाइन चालू.

पुष्पानं त्याच्या शब्दावर भरवसा ठेवला. गावातल्या विधवा, म्हातारे तिच्या बँक-कियोस्कवर अंगठा लावून महिन्याची सहाशेची पेन्शन काढत. त्यांची खेप वाया जाऊ नये म्हणून तिनं डबा खिडकीत ठेवला आणि दिवा दिसला तरच या, असं घरोघरी सांगितलं.

डिसेंबरात संत्र्याच्या ट्रकनं सौसर रस्त्यावर फायबर तोडली. दिवा जळतच राहिला. पंचफुलाबाई कापसाची वेचणी सोडून आली होती. अंगठा लावून लावून थकली, पैसे निघेनात. लाइन बंद आहे, असं पुष्पानं सांगितलं. बाईनं खिडकीकडे पाहिलं.

"दिवा तं जळून राहिला. मंग माहे सहाशे कोणाच्या पदरात पडले?"

रांगेतलं कोणी पुष्पाच्या बाजूनं बोललं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. तिनं वीरेंद्रला फोन केला, तर तोही म्हणाला, ऑफिसात सगळं हिरवंच दिसते, तुमचं मशीन बिघडलं असेल.

दोन दिवसांनी तो आला तेव्हा खरं कळलं. तो दिवा फक्त डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंतच्या हातभर तारेचा होता. फायबरचा दिवा शेजारीच विझलेला होता; त्याचं नावही वीरेंद्रनं कधी काढलं नव्हतं. नऊशेचा डबा घेतला असता तर फायबर तुटताच दोन्ही दिवे विझले असते, ऑफिसातही कळलं असतं, हे तो वर हसत सांगू लागला.

पुष्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे तवाच काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही, ताई."

"मले माहीतच नव्हतं, तं काय विचारू? तुम्हाले माहीत होतं. तुमच्या दिव्यानं मले गावात चोर ठरवलं."

त्याच्यासमोरच तिनं त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि चहा न विचारता त्याला वाटेला लावलं. मग पंचफुलाबाईच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, बुडालेली मजुरी देते म्हणाली. बाईनं पैसे घेतले नाहीत. आता ती पेन्शन काढायला सौसरला जाते.

त्या दिवसाच्या मजुरीचे अडीचशे रुपये पुष्पा अजून आपल्याकडे देणं धरते.