भोकरदनच्या हात तुटलेल्या बायका

फेसबुकवर दिसलेल्या फोटोतल्या मातीच्या मूर्ती सुंदर होत्या, फक्त प्रत्येकीचा उजवा हात कोपरापासून गायब. जुन्या यक्षींसारख्या बायका घडवणारा हा आजचा कलाकार, भोकरदनचे कैलासभाऊ, नवी माती जुनी म्हणून खपवत असणार, असं माझ्या संशयी डोक्यानं लगेच ठरवलं. हॉलसाठी एक घ्यायची तर होती, पण फसायचं नव्हतं. म्हणून स्वतःच निघाले.

नाशिकहून रेल्वेनं जालना, तिथून भोकरदनची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जीपच्या नादी लागू नका. दोन्हीकडे कापूस, रस्ता अधूनमधून खणलेला. स्टँडसमोर गरम भजी खाल्ली आणि भजीवाल्याला कैलासभाऊंचं घर विचारलं.

"मूर्तीवाले? मागच्या गल्लीत. देवी घ्यायला आल्या का?"

देवी? म्हणजे देवी म्हणूनही खपवतात तर. माझा संशय आणखी पक्का झाला.

कैलासभाऊ ओट्यावर माती मळत होते. मागे ओळीनं त्या बायका, कमरेत वळलेल्या, भरल्या अंगाच्या, थेट लेण्यांतून उतरलेल्या. मी सरळच विचारलं, "जुन्या दिसाव्यात म्हणून हात तोडता ना?"

ते माती मळतच राहिले. उत्तर दिलं चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं, शोभाताईंनी. "हात मी तोडते. बत्त्यानं."

तेव्हा कुठे दिसलं, सगळ्या मूर्तींना त्यांचाच चेहरा होता.

"पहिली अखंड ठिवल्ती ओट्यावर. दोन दिसांत हळदीकुंकू लागलं. मंग बाया माझ्याच पाया पडायला लागल्या. कुणी भांडंना, कुणी संगं जेवायला बसंना. खंडित मूर्ती कुणी पुजत न्हाई. म्हणून तोडते."

मला हीसुद्धा गिऱ्हाइकासाठी रचलेली गोष्ट वाटली. नुकतीच भाजून निघालेली एक मूर्ती अजून अखंड होती. खरंखोटं बघायला तीच हवी म्हणून मी हटून बसले. कैलासभाऊ बायकोकडे बघत राहिले.

"पुजणार न्हाई ना?" शोभाताईंनी विचारलं.

"बिलकुल नाही."

त्यांनी आपल्या जुन्या साडीत मूर्ती गुंडाळून दिली. येताना एसटीचे धक्के चुकवायला ती मांडीवरच घेतली.

घरी पोचल्यावर मूर्ती हॉलमध्ये ठेवून आंघोळीला गेले. बाहेर येते तर कपाळावर कुंकू, पुढ्यात साखर.

"कुठली गं ही देवी?" आईनं विचारलं.

"देवी नाही, शोभाताई आहेत. भोकरदनला राहतात."

मला भयंकर लाज वाटली. सगळा संशय मी त्या दोघांवर खर्चला, माझ्या घरावर घ्यायचा राहिलाच.

आईनं मान डोलावली, हात जोडले, डोळे मिटले. "शोभामाते," ती म्हणाली, "सगळ्यांना सुखी ठेव."