पूर्णविरामाचा मत्सर

जेवणाच्या टेबलावर तीन पुस्तकं पसरून माझा निवृत्त नवरा बसला होता. तर्काची कोडी सोडवणारी एक संगणकभाषा त्याला शिकायची होती आणि सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी, हे काही केल्या ठरत नव्हतं. तो नवीकोरी पानं हुंगायचा, पहिला धडा पुटपुटायचा.

"या भाषेत प्रत्येक वाक्याला पूर्णविराम लागतोच गं. विसरलो, तर यंत्र नुसतं वाट बघत बसतं."

माझ्या कवितांमधले विराम त्याला इतक्या वर्षांत कधी दिसले नव्हते. नवी भाषा शिकू पाहणाऱ्याचा चेहरा प्रेमात पडलेल्या माणसासारखाच उजळतो. त्या उजेडात आपण नसलो, की तो डोळ्यांना खुपतो.

"तू भाषेतली. तूच सांग, कुठलं घेऊ?"

नवशिक्याला दोन दिवसांत पळवून लावील अशा, सर्वांत जाड आणि रुक्ष पुस्तकावर मी बोट ठेवलं.

त्याने उरलेली दोन बाजूला सारली. "जरा जड दिसतंय. पण तू निवडलंस, म्हणजे नेटाने वाचीन."

तो पेन्सिलीला टोक काढू लागला. लाकडाचा कोवळा वास माझ्यापर्यंत आला, आणि खरं काय ते सांगायला माझी जीभ उचलेना.