टोपवाल्या राजाचं नाणं

पोपायान गावात जुनं सोनं घेऊन कुणीही आलं, की एलिओदोरोच्या दुकानाची पायरी चढायचंच. नाण्यावरच्या स्पेनच्या राजाचा कुरळ्या केसांचा टोप तो भिंगाखाली धरायचा, झिजलेल्या बटा न्याहाळायचा आणि निवाडा द्यायचा. "बाई, लिंबानं घासलंत ना? चकाकी आली, पत गेली!" आणि बाईचा चेहरा पडला, की तिला आधी कॉफी पाजायचा.

या गावच्या जुन्या टांकसाळीतली नाणी बहुतेक मधोमध कच्ची उमटलेली. बट न् बट दिसावी असं एकच त्याच्या पाहण्यात आलं, आणि ते त्याचंच होतं. कापसात निजवलेलं, कुणाच्या हाती न फिरलेलं. तो स्वतःसुद्धा ते कडेनंच धरी.

भाची नुबियाचं लग्न ठरलं आणि तिनं नेमकं तेच मागितलं. तिथल्या रीतीनं लग्नात नवरा नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओततो.

"मामा, बारा मुलाम्याची आहेत. तेरावं तुमचं हवं."

"अगं, एकमेकांवर आपटतील! एक ओरखडा, की दर्जा गेला."

"विकणार आहात का?"

"छे!"

"मग दर्जा काय चाटायचाय?"

त्याची बहीण एदिल्मा खुदकन हसली. "राहू दे गं. ओरखड्याच्या भीतीनं दादानं स्वतःचं लग्नसुद्धा केलं नाही."

शेवटी तो हो म्हणाला; पण लग्नाच्या सकाळी एलिओदोरोनं उजव्या खिशात तसंच एक झिजलेलं नाणं टाकलं. डाव्यात ते कापसातलं. पेटीत ठेवताना कुणाला कळणार होतं?

पाद्रींनी मान डोलावली. बारा नाण्यांची पेटी त्याच्याच हातात होती. त्यानं उजव्या खिशात बोटं घातली. नुबिया पेटीकडे पाहतच नव्हती; मामाकडे पाहत होती, डोळे भरून, सगळं मिळाल्यासारखी. उजवा हात रिकामाच बाहेर आला, आणि डावा खिशात गेला.

नाणी ओतली गेली. एलिओदोरोनं डोळे मिटून घेतले. मुलाम्याच्या खळखळाटातून सोन्याचा एकच लांब सूर निघाला आणि घुमटापर्यंत गेला. इतकी वर्षं जवळ असून हा आवाज त्यानं ऐकलाच नव्हता!

जेवणात नाणं पंगतभर फिरलं. शेंगदाण्याच्या चटणीची बोटं, वाइनचे हात, कुणाचा तरी दात. राजाच्या गालावर ओरखडा लांबूनही दिसत होता.

"अरे, मलाही बघू द्या की!" एलिओदोरो ओरडला. भिंग घरीच राहिलं होतं. त्यानं नाणं तळहातावर घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच राजाच्या नाकावरून अंगठा फिरवला.