म्हाताऱ्यांच्या पाण्यातली जागा

ओक-नाम समचुनला (थोरल्यांना आम्ही समचुनच म्हणतो) सत्तर पूर्ण झाली, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या आपापला वाटा मोजू लागल्या.

आम्हा जेजू बेटावरच्या बायकांनी शंखांसाठी बुड्या मारायला समुद्र वाटून घेतलाय. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी सत्तरी ओलांडलेल्यांचं. तिथं दुसरीनं हात घालायचा नाही. खोल पाणी जिच्या-तिच्या दमावर. ओक-नामचा दम गावात सगळ्यात मोठा. त्याच दमावर तिनं थोरल्या लेकाला शहरात घर घेऊन दिलं. शेकोटीपाशीसुद्धा तिची जागा वाऱ्याच्या अंगाला, धूर न लागणारी.

धूर खायला होती यंग-सिम. वय अठ्ठावन्न, पण कानाचे पडदे फाटलेले, खोल जाता येत नव्हतं. आम्ही वर येताना तिच्या जाळीत एखाददुसरा शंख टाकायचो. त्यावर तिची चूल.

त्या सकाळी यंग-सिम शेकोटीपाशी उभी राहिली. "मला म्हाताऱ्यांच्या पाण्यात उतरू द्या."

शहात्तरची मल-जा फणकारली, "वय काय गो तुझं? आज तू, उद्या कंबर दुखणारी प्रत्येक जण! शंख काय आभाळातून पडतात?"

"आणि ओक-नाम समचुन उतरणार, ते चालतं?"

सगळ्यांच्या मनातलं यंग-सिम बोलून गेली होती.

ओक-नामनं काटकीनं निखारा ढकलला. "उभ्या जन्मात त्या पाण्याकडं वाकड्या नजरेनं बघितलं नाही मी. तुमच्यासाठी सोडलं. आता माझी पाळी."

"तुला काय कमी आहे गो?" मल-जा म्हणाली.

"कमी असेल तिलाच द्यायचं, असं ठरलं होतं काय? मग तुझा जावई बोटीचा मालक आहे, तूही नीघ बाहेर."

मल-जानं तोंड फिरवलं. यंग-सिम मात्र बसली नाही.

"समचुन, तुम्ही माझ्या जाळीत शंख टाकता, उपकार आहेत. पण सुनेशी भांडून आलात की त्या दिवशी माझी जाळी रिकामी."

"तरीच तू रोज उपाशी!" मागून कुणीतरी म्हणालं. ओक-नामही हसली.

"मला शंख नकोत," यंग-सिम म्हणाली. "जागा द्या."

ओक-नामनं हात शेकोटीवर धरले. मग म्हणाली, "माझी जागा हिला द्या. डोकी तेवढीच राहतात, मल-जा. तुझ्या वाट्याचं काही जात नाही."

"आणि तुझा दम सरल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा."

हात वर झाले. यंग-सिम त्याच दिवशी उथळ पाण्यात उतरली.

दम सरला चारेक वर्षांनी. डॉक्टरांनी खोल पाणी बंद केलं. ओक-नामनं जागा परत मागितली नाही; खडकांवरचं शेवाळ खरवडू लागली. एका दुपारी यंग-सिमनं तिच्या जाळीत ओंजळभर शंख ओतले.

"काढ ते! मी मागितले होते?"

"नको असतील तर फेका पाण्यात, समचुन."

ओक-नामनं तिच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि जाळीचं तोंड आवळून घराची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी शेकोटीपाशी यंग-सिमनं विचारलं, "उथळ पाण्यात एक डोकं वाढवायचं का?"

"एकीवर थांबत नाही हे, म्हटलं होतं मी," मल-जा कुरकुरली. "वाटा कमी होणार सगळ्यांचा."

"होणार," यंग-सिम म्हणाली. "माझापण."

मल-जानं ओक-नामकडं बघितलं. ती आता धुराच्या अंगाला बसली होती, डोळे पुसत.

"कर गो हात वर," मल-जा शेजारणीला म्हणाली, आणि स्वतःचा वर केला.