फक्कीच्या घरातलं दार

“सांगू नका, चालून दाखवा,” असं म्हणत साहेब आधी स्वतःचे बूट काढायचे. पुढं नुसती मोकळी जमीन आणि तिच्यावर चुन्याच्या फक्कीनं आखलेलं घर.

भूकंपानंतर आमच्या गावाची नवी घरं कशी असावीत ते ठरवायला ते नांदेडहून आले होते. एवढे साहेब, पण रेघेला भिंत मानून दारातूनच आत जायचे. तुम्ही पुष्कळ साहेब पाहिले असतील. असा पाहिलाय का?

मागण्या तर लई. कुणाला देवघर, कुणाला गोठा. पाटलांना माडी.

“पाटील, जिना चढून दाखवा.”

पाटलांनी वर बघितलं. तेव्हा आम्ही सगळेच छपराच्या धास्तीनं उघड्यावर निजत होतो. “ऱ्हाऊ द्या माडी,” ते हळूच म्हणाले.

जागा ठरलेली. एक वाढलं की दुसरं आखडायचं. माझ्या सासऱ्यांनी बैठक वाढवून घेतली, तशी चूल मागच्या भिंतीला टेकली.

“आता सूनबाई चालतील,” साहेब म्हणाले.

“तिला काय विचारता? ती बोलतच न्हाई.”

“म्हणून तर चालायला सांगतो, बाबा.”

मी घागर घेऊन चुलीच्या जागी उभी राहिले. पाण्याला निघायचं तर बैठकीतून, आणि तिथं फक्कीच्या आत सासरे नि थोरले दीर मांडी घालून बसलेले. मी पदर ओढून थबकले. पडलेल्या घरालाही एकच दार होतं. त्या पहाटे लेकीला उराशी धरून मी त्यातून निघाले. माझ्यामागून येणाऱ्या सासूबाई आतच राहिल्या. दुसरं दार द्या, म्हणायची छाती नव्हती. पाय मात्र मागं वळले आणि रेघ ओलांडून बाहेर पडले.

“आगं, भिंतीतून कुठं चाललीस?” दीर ओरडले. सगळे हसले.

साहेब हसले नाहीत. जवळ येऊन त्यांनी अनवाणी पायानं तेवढी फक्की पुसली. “इथं दार. बैठक हातभर कमी होईल, बाबा.”

सासरे पुसलेल्या जागेकडं बघत राहिले. “होऊ द्या कमी. तिला असं दार असतं तर...” ती म्हणजे सासूबाई.

घरं झाली. साहेब पुढच्या गावाला गेले, परत दिसले नाहीत. लेक त्याच दारात उजेडाला बसून शिकली आणि लातूरला क्लासेसना गेली.

त्या दारातून बाहेर पडताना मी अजून चपला हातात घेते, ओलांडल्यावरच घालते. सुट्टीला आली की लेक हसते. “आई, तिथं देव बसवलाय का गं?”

मी सांगत नाही. चालून दाखवते.